गट कोणी पाडले?

२ मार्च २०२५ चा रविवार. मिस्सा आटोपून आम्ही हॉस्टेलवर आलो तेव्हा जामठ्याला विदर्भाचा दुसरा डाव चालू होता आणि त्या डावात आता कुणाला फारसा रस उरला नव्हता. रणजी ट्रॉफीची फायनल पाच दिवसांची असते. पाच दिवसांत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, त्याची ट्रॉफी. विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९, केरळच्या ३४२. फरक ३७ धावांचा. दुपारी विदर्भ ९ बाद ३७५ वर असताना दोन्ही कॅप्टननी हात मिळवले. विदर्भ तिसऱ्यांदा चॅम्पियन झाला आणि केरळ, पहिल्यांदाच फायनलला आलेला केरळ, तसाच परतला.

माझी रूममेट त्रिशूरची आहे. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी मैदानावर गेलो होतो. सचिन बेबी ९८ वर बाद झाला तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती आणि पुढची वीस मिनिटं एक शब्द बोलली नाही. रविवारी मात्र बोलली. म्हणाली, "आधी तुझ्या राज्याने आम्हाला बाहेर काढलं, आता तुझ्या शेजाऱ्यांनी. दोन्ही वेळा आम्हाला न हरवता."

'न हरवता' हे शब्द मला लागले, कारण ते खरे होते. २०२२ मध्ये मध्य प्रदेशनेही केरळला हरवलं नव्हतं. दोन्ही वेळा सामना अनिर्णित, दोन्ही वेळा केरळ घरी. आणि दोन्ही वेळा मी टाळ्या वाजवल्या होत्या. कारण मी पांढुर्ण्याची. राज्य मध्य प्रदेश, बोली नागपुरी, दवाखाना नागपूरचा, लग्नाचा बस्ता नागपूरचा. माझं आजोळ सौंसरला आहे. तिथून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर आणि आमच्या राज्याची राजधानी त्याच्या कितीतरी पट लांब. त्यामुळे आमच्याकडे बहुतेकांच्या दोन टीम असतात. एक कागदावरची आणि एक मनातली, आणि कोणती कुठली हे दरवर्षी बदलतं.

तिच्या त्या वाक्यामुळे मी गेले काही महिने रणजीची जुनी गुणपत्रकं चाळत बसले. साहित्याच्या विद्यार्थिनीने हे का करावं असं सरांनी विचारलंच. पण गट पाडणं, क्रम लावणं, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं हे ठरवणं, हे आपण वाङ्मयाच्या इतिहासातसुद्धा करतोच की.

आधी २०२२ चं पाहू. करोनामुळे २०२०-२१ चा हंगाम झालाच नव्हता. १९३४-३५ मध्ये स्पर्धा सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं होतं. पुढच्या हंगामालाही उशीर झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये साखळी फेरी, मग आयपीएलसाठी सुट्टी, मग जूनमध्ये बंगळुरूला बाद फेरी, असं दोन तुकड्यांचं वेळापत्रक लागलं. वेळ कमी म्हणून एलिट संघांचे चार-चारचे आठ गट पाडले. म्हणजे प्रत्येक संघाला फक्त तीन सामने, आणि गटातला एकच संघ पुढे.

'अ' गटात मध्य प्रदेश, केरळ, गुजरात, मेघालय. गुण असे मिळतात: निर्णायक विजयाला ६, तो डावाने किंवा दहा गड्यांनी मिळवला तर वर १ बोनस. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेणाऱ्याला ३, दुसऱ्याला १. आणि पहिला डावच पुरा झाला नाही तर दोघांना १-१. मध्य प्रदेश आणि केरळ, दोघांनीही मेघालयला डावाने हरवलं, दोघांनीही गुजरातला हरवलं. दोघांचे १३-१३ गुण. शेवटचा सामना दोघांचा आपापसात, राजकोटला. मध्य प्रदेशने ९ बाद ५८५ वर डाव घोषित केला. यश दुबेच्या २८९. केरळ ९ बाद ४३२ वर असताना वेळ संपली. शेवटचा गडी पडला असता तर मध्य प्रदेशला आघाडी मिळाली असती, आणखी १५४ धावा झाल्या असत्या तर केरळला. दोन्ही झालं नाही. १-१ गुण, म्हणजे १४-१४. विजय सारखे, बोनस सारखे, आपसातल्या सामन्याचा निकाल नाही.

मग आलं कोशंट. तुम्ही प्रत्येक गड्यामागे किती धावा केल्या आणि प्रत्येक गड्यामागे किती दिल्या, यांचा भागाकार. तीन सामने मिळून तो मध्य प्रदेशचा जास्त निघाला आणि मध्य प्रदेश पुढे गेला. बाद फेरीत मग बंगालला हरवलं आणि २६ जूनला, तोही रविवारच, चिन्नास्वामीवर मुंबईला सहा गड्यांनी हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. चंद्रकांत पंडित २३ वर्षांपूर्वी याच मैदानावर मध्य प्रदेशचा कॅप्टन म्हणून फायनल हरले होते, ते आता प्रशिक्षक म्हणून तिथेच जिंकले. ही गोष्ट सगळ्यांनी लिहिली. केरळचं कुणी फारसं लिहिलं नाही. मी त्या दिवशी सौंसरला मामाकडे होते. बारावीचा रिझल्ट मनासारखा लागला नव्हता म्हणून गप्प होते. मामा म्हणाले, "आपले जितले ना व, मंग काऊन तोंड पाडून बसली?" मी पेढा खाल्ला.

आता रूममेटची तक्रार काय? तिचं म्हणणं असं की कोशंटमध्ये मेघालयविरुद्धच्या धावाही धरल्या जातात. म्हणजे केरळ आणि मध्य प्रदेश यांच्यात श्रेष्ठ कोण हे काही अंशी यावर ठरलं, की तिसऱ्या, दुबळ्या संघाला कोणी जास्त तुडवलं. हे मला पटलं. दोघांच्या भांडणाचा निकाल तिसऱ्याच्या पाठीवर लिहू नये.

पण मग मी नुसत्या त्या एका सामन्याचं गणित केलं. ५८५ भागिले ९ म्हणजे ६५. ४३२ भागिले ९ म्हणजे ४८. फक्त आपापसातला सामना धरला तरी मध्य प्रदेशच पुढे. हे मी तिला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही इतका वेळ बॅटिंग केली की आमचा डाव पुराच होऊ नये." तेही खरं असेल. पण नियम दोघांना आधीपासून माहीत होते. केरळने लवकर गडी काढले असते तर?

इथे एक भाषेची गंमत सांगते. इंग्रजीत गट पाडण्याला 'ड्रॉ' म्हणतात आणि अनिर्णित सामन्यालाही 'ड्रॉ'च. मराठीत आपण एकाला सोडत म्हणतो, दुसऱ्याला अनिर्णित. वेगळे शब्द असल्याचा फायदा असा की दोन वेगळे अन्याय आपल्याला वेगळे दिसतात. एक स्पर्धेआधी होतो, एक मैदानावर.

सोडतीचा अन्याय पाहायचा तर त्याच वर्षीचे बाकीचे गट पाहा. 'ड' गटात मुंबई आणि सौराष्ट्र एकत्र. मुंबईच्या नावावर तेव्हा ४१ विजेतेपदं, आणि सौराष्ट्र तर आदला विजेता, २०१९-२० ची ट्रॉफी त्यांच्याकडेच. एकच जाणार होता, मुंबई गेली. 'ग' गटात आपले विदर्भ आणि महाराष्ट्र दोघेही एकाच ठिकाणी कोंबलेले, आणि तिथून उत्तर प्रदेश पुढे गेला. दुसरीकडे एका गटातून उत्तराखंड वर आला आणि उपांत्यपूर्व फेरीत मुंबईने त्यांना ७२५ धावांनी हरवलं. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला हा जगातला सर्वांत मोठा फरक. प्लेट गटातून नागालँड वर आला, झारखंडने त्यांच्यावर एकूण १००८ धावांची आघाडी घेतली. उत्तराखंडने काही चोरी केली नव्हती, ते आपला गट जिंकूनच आले होते. पण गट जिंकणं आणि देशातल्या पहिल्या आठांत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चार-चारच्या गटात तीन सामने खेळवले की त्या एक आहेत असं मानावं लागतं.

हा वाद नवा नाही. १९५७-५८ पासून रणजीत पाच विभागांच्या साखळ्या होत्या आणि विभागातून एकच संघ बाद फेरीत जायचा. पश्चिम विभागात मुंबई होती. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं रणजी जिंकली. म्हणजे महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र यांना बाद फेरीचं तोंड पाहायचं तर आधी मुंबईच्या वर राहायला हवं. त्याच काळात मध्य विभागातून राजस्थान वर यायचा. १९६०-६१ ते १९६९-७० या दहा हंगामांत राजस्थान सात वेळा फायनलला पोचला आणि सातही वेळा मुंबईकडून हरला. राजस्थान चांगला संघ होता, यात शंका नाही. पण देशातला दुसरा उत्तम संघ राजस्थानच होता की पश्चिम विभागात मुंबईखाली दबलेला एखादा, हे तपासायची सोयच नव्हती.

१९७०-७१ ला नियम बदलला, प्रत्येक विभागातून दोन संघ. आणि त्याच पहिल्या वर्षी फायनल झाली मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. मुंबई ४८ धावांनी जिंकली. जुन्या नियमाने यांतला एक संघ फायनल सोडा, बाद फेरीतही दिसला नसता. हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत जवळजवळ ओरडलेच. एका हंगामाने काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण तरी.

आमच्या पांढुर्ण्याला असले प्रश्न पडत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मध्ये पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. दिवस ठरलेला, बाजू ठरलेल्या, जन्मानेच. गोटमारीत माणसं मेलीत, तिचं कौतुक मी करणार नाही. पण तिच्याकडे पाहून एक कळतं: दोनच पक्ष असले की वेळापत्रकाचा प्रश्न येत नाही. तिसरा आला की येतो. मग कोण कोणाशी, आधी कोण, कुठे, किती वेळा, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं, आणि ठरवणाऱ्याच्या हातात थोडा निकाल आपोआप जातो.

हे मी स्वतः भोगलंय. गेल्या वर्षी मुलींच्या एका आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेत (कोणती ते सांगत नाही) आम्ही गटातला शेवटचा सामना सकाळी आठला खेळलो आणि २-० ने जिंकलो. त्याच गटातला दुसरा सामना दुपारी चारला. त्या संघाला सकाळीच कळलं होतं की आपल्याला तीन गोलच्या फरकाने जिंकायचंय. समोरचा संघ आधीच बाहेर पडलेला, त्यांच्या चांगल्या मुली निम्म्या निघून गेलेल्या. ४-० झालं. आम्ही ग्राउंडच्या कडेला सामान घेऊन बसून पाहत होतो. आम्हाला माहीत असतं तर तिसऱ्या गोलसाठी धावलो असतो, पण आम्ही शेवटची दहा मिनिटं बॉल नुसता इकडे-तिकडे फिरवत काढली होती. आमच्या गोलकीपरचं ते कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. आयोजकांना विचारलं तर उत्तर आलं, ग्राउंड एकच आहे.

नंतर समजलं की यापेक्षा मोठा प्रकार १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये झाला होता. अल्जीरियाने आपला शेवटचा गटसामना आदल्या दिवशी खेळून संपवला होता. दुसऱ्या दिवशी स्पेनमधल्या हिहॉन इथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाला माहीत होतं की जर्मनी १-० ने जिंकली तर दोघेही पुढे जातात. जर्मनीने सुरुवातीला एक गोल केला आणि मग दोन्ही संघ उरलेला वेळ चेंडू पास करत राहिले. अल्जीरिया बाहेर. १९८६ पासून वर्ल्ड कपमध्ये गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात. म्हणजे उपाय जगाला माहीत होऊन चाळीस वर्षं होत आली. दोन ग्राउंड मात्र पाहिजेत.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं (ते फुटबॉल वेगळं, चेंडू हातात घेऊन पळायचं) उदाहरण तर त्याहून विचित्र. तिथे शंभरावर संघ, प्रत्येकाचे बारा-तेरा सामने, त्यामुळे सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. कॉलेजांचे आपापले संघटित गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि प्रत्येक कॉन्फरन्सचा वेगळा विजेता. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट हा संघ आपले तेराच्या तेरा सामने जिंकला, कॉन्फरन्सचा विजेता झाला आणि तरी शेवटच्या चारांत घेतला गेला नाही. त्यांचा मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक, जखमी झाला होता. निवड समितीने एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं. पुढच्या वर्षी चाराचे बारा संघ केले आणि कॉन्फरन्स विजेत्यांपैकी वरच्या चौघांना पहिली फेरी माफ केली. ते चौघेही आपला पहिलाच सामना हरले. लगेच त्याच्या पुढच्या वर्षी तोही नियम बदलला.

एवढं सगळं वाचून माझ्यापुरता एक निकष तयार झाला. वेळापत्रक न्याय्य होतं का हे विजेत्याकडे पाहून कळत नाही. जो बाहेर राहिला त्याच्याकडे पाहावं आणि विचारावं: मैदानावर असताना, त्याला तेव्हा माहीत असलेल्या गोष्टींच्या आधारे, त्याला पुढे जाण्यासाठी काही करता आलं असतं का? फ्लोरिडा स्टेटला नाही. जिंकण्याच्या पलीकडे करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माझ्या दृष्टीने तो सगळ्यांत वाईट प्रकार. सकाळी आठला खेळणाऱ्या आम्हालाही नाही, निदान पुरतं नाही. साठच्या दशकातल्या महाराष्ट्राला करता आलं असतं, मुंबईला मागे टाकता आलं असतं. अवघड होतं, पण दार होतं. सौराष्ट्रालाही २०२२ मध्ये दार होतं, पण तीनच सामने म्हणजे एक वाईट दिवस आला की भरपाईला जागा नाही. आणि केरळला? राजकोटला चार दिवस मध्य प्रदेश त्यांच्यासमोरच होता. मेघालयच्या धावा मोजणं मला अजूनही पटत नाही, पण दार उघडं होतं हे मान्य करायलाच हवं.

२०२५ ची फायनल तर आणखी सरळ. विदर्भ साखळीत सात सामने खेळून गटात पहिला आला होता. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि फायनल, तिन्ही सामने नागपुरातच झाले. घरचं मैदान हा फायदा आहेच, पण तो कमावलेला होता. उपांत्य फेरीत मुंबईला तर ८० धावांनी चक्क हरवलं. आणि केरळ फायनलला कसा आला? उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात एका धावेची आघाडी, उपांत्य फेरीत गुजरातवर दोन धावांची. दोन्ही सामने अनिर्णित. ज्या नियमाने ते फायनल हरले, त्याच नियमाने ते फायनलला आले होते. हे मी रूममेटला सांगितलं तेव्हा ती थोडी हसली. म्हणाली, "जम्मूच्या मुलीसोबत राहिले असते तर हे मला कधीच ऐकावं लागलं असतं." मग म्हणाली, "पण तुझा गट कोणी पाडला?"

तिने सहज विचारलं, पण मी त्यावर बराच वेळ अडकले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. तोवर नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, आणि त्याआधी मध्य प्रांत-वऱ्हाडची. म्हणजे तेव्हा पांढुर्णा, सौंसर आणि नागपूर यांची टीम एकच. ५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला आणि त्यात आम्ही. १९५७-५८ ला विदर्भाचा स्वतःचा रणजी संघ उतरला. म्हणजे ज्या वर्षी विभागांच्या साखळ्या सुरू झाल्या, त्याच वर्षी. पुढे कित्येक वर्षं मध्य विभागात विदर्भ आणि मध्य प्रदेश एकमेकांशी खेळत राहिले. २०२३ पासून पांढुर्णा स्वतःच जिल्हा आहे, सौंसर त्यातच.

माझा मामेभाऊ सौंसरला लेगस्पिन टाकतो. सोळा वर्षांचा आहे. नागपूरचं मैदान त्याला दीड-दोन तासांवर, पण निवड चाचणीसाठी त्याला आधी छिंदवाडा आणि मग जबलपूरकडे जावं लागतं, कारण तो मध्य प्रदेशचा. मी त्याला माझा निकष लावून पाहिला: याला काही करता येईल का? तो म्हणतो, विकेटा काढता येतील. विदर्भ फायनल जिंकला त्या संध्याकाळी त्याने मला फोन केला होता, आनंदाने. मी विचारलं, "मोठेपणी कोणाकडून खेळशील रे?" तर म्हणे, "जो पयले बोलावन त्याच्याकडून."

२०२५-२६ च्या हंगामाचे गट लागले तेव्हा रूममेट सुट्टीवर होती. तिने त्रिशूरहून मला यादीचा स्क्रीनशॉट पाठवला. 'ब' गट, आठ संघ, प्रत्येकाला सात सामने. त्यात दोन नावांभोवती तिने लाल गोल काढले होते: केरळ आणि मध्य प्रदेश. खाली एवढंच लिहिलं होतं, "या वेळी डाव पुरा करा."